वेणीफणीचा अर्धा तास

माझा जन्म खर्ड्याचा. किल्ला हाय ना तिथं, त्याच्या पल्याड आमची वस्ती. बाप लोकाच्या रानात राबायचा, आई बी राबायची. आमी बौद्ध. धर्म घेतला तवा मला नुकतीच शाळंत बसवली हुती. बापानं एकच धरलं हुतं, पोरगी शिकली पायजे. माझी मावशी नगरला दवाखान्यात आया हुती, ती सुट्टीला आली की तिच्या लुगड्याला फिनेलचा वास यायचा, आन काय सांगू तुमाला, मला त्यो वास लई आवडायचा, मी तिच्या पदरात तोंड घालून बसायची. तीच बापाला म्हनली, दाजी, हिला माझ्याकडं धाडा, हिला नर्स करू.

तशी मी नगरला शिकले आन मग एका तालुक्याच्या दवाखान्यात लागले. गावाचं नाव राहू द्या. नवी नवी हुते, तवाची गोष्ट. एका मोठ्या घरची सून बाळंतपनाला आली. सासूनं मला इचारलं, कुनाची गं तू, कुठली? मी सांगितलं. सासू जरा मागं सरली. मला सवय हुती त्याची. पन सुनंला कळ आली आन तिनं माझा हात धरला, आसा धरला की पोर होईस्तवर सोडलाच न्हाई, मनगटावर नखं उठली. पोर झालं. मी धुऊन पुसून आनलं आन सासूनं हात म्होरं केलं, माझ्याच हातातनं घेतलं. तवा वाटलं, हे काम आपलं. लई आनंद हुता हो त्या कामात. खोटं न्हाई सांगत.

आन मग दुष्काळ आला. बहात्तरचा. तुमी ऐकलं आसंल, आमी बघितला. मानसं दुष्काळी कामावर खडी फोडायची, सरकारनं वाटलेली सुकडी खायची, जे मिळंल ते पानी प्यायची. जुलाब-उलट्यांनी वॉर्ड भरला. कॉटा भरल्या, मग खाली सतरंज्या, मग व्हरांडा. दवाखान्याला बी पानी टँकरचं, त्यो आला तर आला. आमी नर्सा थोड्या. एकीला सलाईन लावावं तर दुसरी ओकतीय, तिसरीचं पोर रडतंय. सुट्टी म्हनून न्हाईच. रजा कुनी मागितली न्हाई आन कुनी दिली न्हाई.

एक दिवस सकाळी एक लेकरू आनलं. आई कामावरनं तशीच पळत आलेली, हातापायाला खडीची धूळ. सलाईन लावायला लेकराची शिर सापडंना. डॉक्टरांनी केलं, मी केलं, करायचं ते समदं केलं. न्हाई राह्यलं. मी त्याला गुंडाळलं, आईच्या मांडीवर दिलं, हात धुतलं, आन जेवायला गेले. भाकरी खाल्ली. डोळ्यात टिपूस न्हाई. आन खाता खाता मला ध्यानात आलं, की मला काईच वाटत न्हाई. वाईट न्हाई, बरं न्हाई, भूक बी न्हाई. आतनं समदं वाळून गेलंय. भ्याले मी. आजाराला कधी भ्याले नव्हते, त्याला भ्याले.

आमच्या मेट्रनबाई हुत्या, सुशीलाबाई. नगरच्या ख्रिस्ती, एकट्याच राहायच्या. उंच, ताठ, टोपीची घडी कधी मोडायची न्हाई. आमी समद्या त्यांना दबून. मी त्यांच्याम्होरं जाऊन हुबी राह्यले आन म्हनलं, बाई, मी चालले. खर्ड्याला जाते, आई खडी फोडती तिच्याजवळ बसून फोडते. माझ्यानं आता हे व्हत न्हाई.

मला वाटलं रागावतील. न्हाई रागावल्या. त्यांनी फडताळातनं तेलाची बाटली काढली, फनी काढली, खुर्चीवर बसल्या आन मला म्हनल्या, इथं खाली बस. मी बसले. त्यांनी माझी टोपी काढली, पिना काढल्या, केस सोडलं. किती दिवसांत मी केसाला तेल लावलं नव्हतं कुनास ठाऊक, नुसता गुंता झाल्ता. त्या एक एक गुंता सोडवत बसल्या. इचारलं काईच न्हाई, समजावलं न्हाई, देवाचं बी काय सांगितलं न्हाई. टाळूवर तेल घातलं, बोटांनी जिरवलं, आन मग हळूच म्हनल्या, दिवसभर तू दुसऱ्यांच्या अंगाला हात लावतेस. तुझ्या अंगाला कोन हात लावतं गं, पोरी?

मी रडले हो. त्या लेकरासाठी रडले, त्याच्या आईसाठी रडले, माझ्यासाठी बी रडले. त्यांनी रडू दिलं. दोन येन्या घातल्या शाळंतल्या पोरीसारख्या आन म्हनल्या, आता जायचं तर जा. मी गेले, पन वॉर्डात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रनबाई सोता वॉर्डात येऊन हुब्या राह्यल्या आन आमच्यातल्या दोघींना म्हनल्या, मागच्या व्हरांड्यात जा, एकमेकींची वेणीफणी करा, अर्ध्या तासानं या. तिथं आजाराचं बोलायचं न्हाई. आमी एकमेकीकडं बघतच राह्यलो. पन रोजच झालं मग ते, पाळीपाळीनं.

माझ्यासंगं कमल आसायची. राजूरकडची, शेतकऱ्याची पोर, डोंगरातली. लई नकला करायची. टँकरवाल्याची करायची, डॉक्टरांची करायची, मेट्रनबाईंची तर आशी करायची की मला ठसका लागायचा. माझं डोकं तिच्या मांडीवर, तिची बोटं माझ्या केसात. बौद्धाच्या पोरीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, हे आमच्या गावाकडं कुनाला सांगितलं आसतं तर खरं वाटलं नसतं. तिला त्यात काईच वाटायचं न्हाई, आन मला रोज वाटायचं. शब्दानं सांगता येत न्हाई ते.

डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलंच. ते बी थकलेले, डोळे खोल गेलेले, वाईट मानूस न्हवता. ते व्हरांड्यात आले, आमच्या हसन्याचा आवाज आला आसंल. मेट्रनबाईंना बोलावून म्हनाले, पेशंट जमिनीवर पडलेत आन तुमच्या नर्सा केस विंचरतात, हा काय दवाखाना म्हनायचा? मेट्रनबाई म्हनल्या, साहेब, त्या येवढा येळ इथं आसतात, तवा वॉर्डात मी आसते. कुठं काय कमी पडलं ते मला सांगा. आन त्यांचं हसू बंद केलंत, तर त्या राहतील, पन नुसते हात राहतील. साहेब जरा येळ तिथंच कठड्याला टेकून हुबे राह्यले. मग गेले. पुन्यांदा तो इषय काढला न्हाई, हो बी म्हनाले न्हाईत.

पन मला जे सांगायचंय ते म्होरंच हाय. एके दुपारी मेट्रनबाईंच्या हातातनं थर्मामीटर पडला. फुटला. येवढंच. आन त्या तिथंच कॉटंच्या कडंला बसल्या, त्या फुटक्या काचंकडं बघत, उठंनात. बाई म्हनलं, हाक मारली, तर म्हनल्या, फुटला गं, आन तोंडावर हात घेऊन रडाया लागल्या. आमची मेट्रन. आमाला कुनालाच काय करावं कळंना.

कमल म्होरं झाली. तिनं त्यांना धरून मागच्या व्हरांड्यात नेलं, खाली बसवलं, आन त्यांची टोपी काढली. आमी कुनी कधी त्यांना टोपीबगर बघितलं नव्हतं. केस पांढरे, इरळ, लहान लेकरासारखे. त्या म्हनल्या, नको गं, मला सवय न्हाई. कमल म्हनली, आमाला तरी कुठं हुती, बाई. मी तेल लावलं, कमलनं विंचरलं. त्या डोळे मिटून बसल्या. किती वर्सांत त्यांना कुनी हात लावला नसंल, देव जाने.

मग आमीच साहेबांकडं गेलो, समद्या मिळून. बाईंना रजा द्या, वॉर्ड आमी बघतो. साहेबांनी लगेच दिली. बाईंचा भाऊ घोडेगावला हुता, त्याच्याकडं गेल्या. माघारी आल्या तवा तोंडावर तजेला हुता, आन आल्या आल्या कमल त्यांचीच नक्कल करत हुती ती दाराआडनं ऐकली, तर म्हनल्या, माझा आवाज एवढा जाड न्हाई. त्या दिवशी खाली पडलेले पेशंट बी हसले.

पुढं दुष्काळ सरला. मेट्रनबाई रिटायर झाल्या, गेल्या. कमल नाशिककडं बदलून गेली, तिचं बी वय झालं आता. मी नोकरी पुरी केली. लगीन झालं, दोन लेकरं झाली, मालक गेले. गुडघे धरतात, दिसतं जरा कमी. तक्रार न्हाई माझी. लोकाच्या दुखन्यात आयुष्य गेलं, पन सुकं न्हाई गेलं.

माझी नात बी नर्स हाय, नगरला. मघाशी आली ना तुमच्याम्होरनं, बोलली बी न्हाई, चप्पल काढली आन आत जाऊन पडली. राग मानू नका तिचा. डुटी करून आलीय. उठंल तवा जेवू घालीन, बोलाय लागली तर ऐकंन, न्हाई बोलली तर नुसती जवळ बसंन. तुमचं बी भलं होवो, लांबून आलात, म्हातारीचं ऐकलंत. आता निघा, उन्हं कलली. फक्त जाताना दार हळू ओढा. निजू द्या तिला.