वेल्ड केलेली वजनं

वेल्डिंग कधी करू नये, ते सांगतो. ट्रॅक्टरने भार ओढायच्या स्पर्धेसाठी सावंतचा जुनाट ट्रॅक्टर आम्ही तयार केला. पुढची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून भंगारातली लोखंडी वजनं लावली, तीही खर्च वाचवायला थेट वेल्ड करून. दुबईशेजारच्या अजमानला, स्पर्धेच्या काट्यावर, चालकासकट वजन मर्यादेपेक्षा वीस किलो जास्त भरलं.

“पाच मिनिटं, हबीबी. मग खलास,” तपासनीस म्हणाला.

वजनं निघणार नव्हती. मी म्हणालो, “सावंत, तू उतर.”

“आठ महिने मी खपलोय.”

“ते वाया जातील.”

सावंतवहिनींनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली आणि त्या वर चढल्या. वजन बसलं.

“वहिनी, गिअर जमतील?”

“भाऊजी, हे झोपेतही तेच बडबडतात.”