गालाच्या पोकळीतून निघालेल्या तुकड्याबाबत

जबाब देणार: लेथ कारागीर, वय ५४ वर्षे, राहणार वर्कशॉपमागची गल्ली.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, बावीस वर्षांपूर्वी दुपारच्या पाळीला मी लेथ चालू केला आणि चकात, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात, राहिलेली चावी उडून तुटली. या चावीने चक आवळतात. आवळून झाला की चावी काढायची, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. एक तुकडा माझ्या डाव्या डोळ्याखाली लागला. जखम शिवली. तुकडा आत राहिला हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळच्या पाळीला त्याच लेथवर माझे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान होते. चावी त्यांनीच ठेवली, असा जबाब मी तेव्हा याच ठाण्यात दिला. मुद्दाम खोटं बोललो नाही. असली चूक माझ्या हातून होईल, हे डोक्यातच आलं नाही. प्रत्येकाची चावी वेगळी असते; त्यांनी आपली काढून दाखवली. मालक म्हणाले, "दोन असतील." माझी हत्यारांची पेटी कोणी उघडली नाही. मार लागलेल्याची पेटी कोण तपासतो? मेहुण्यांचं काम गेलं. बहिणीने पुन्हा माझा उंबरा चढला नाही.

तेव्हापासून मला एका नाकपुडीची सर्दी आहे. बायको म्हणते, "तुमचं नाक म्हणजे गळका नळ." शेवटी नवीन डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, तर गालामागच्या पोकळीत बोटाच्या पेराएवढं काहीतरी दिसलं. काल नाकातून दुर्बीण घालून त्यांनी ते काढलं. म्हणाल्या, "काका, एवढं घेऊन तुम्ही जेवलात, झोपलात कसे?" मलाही तेच नवल वाटत होतं. शरीराने त्याच्यावर चुन्यासारखं पुट चढवलं होतं. बावीस वर्षं मला न विचारता सांभाळलं. बघताना माझे हात आपोआप जोडले गेले.

नर्सबाईंनी ते पुट ब्रशने काढलं. खाली टोकदार लोखंडी पंच ठोकून उमटवलेली तीन टिंबं होती. आमच्याकडे प्रत्येक कारागीर आपल्या चावीच्या दांड्यावर खूण करतो. मेहुण्यांची एक उभी रेघ आहे. तीन टिंबं माझी.

तुकडा बाटलीसह जमा करत आहे. माझा जुना जबाब चुकीचा होता. चूक माझी होती, मेहुण्यांची नव्हती.

हे लिहिलेलं मला वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे. मेहुण्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांना वाचून दाखवाल तेव्हा जरा मोठ्याने वाचावं.