दोन मीटरांचा बिघाड

परीक्षकांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या लॅबमधलं ऐका. मी विद्यानगरच्या एका कॉलेजात लॅबच्या सामानाचा क्लार्क होतो. मलकपेठची स्नेहल प्रॅक्टिकल देत होती. नापास झाली असती तर वर्ष गेलं असतं. तिनं अ‍ॅम्प्लिफायर जोडला, मीटरवर सहा व्होल्ट आले, ते लिहिले आणि ट्रान्झिस्टर जळाला. मी दुसरा दिला. पुन्हा सहाच.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "ट्रान्झिस्टर बदला, फिर भी रीडिंग वहीच? कॉपी करे तुम!"

स्नेहल म्हणाली, "नै सर. ये दो रेझिस्टर व्होल्टेज बाँट के बेस को पक्का पकडते. ट्रान्झिस्टर कौनसा भी लगाव, फरक नै पडता. इसीच के वास्ते तो लगाते."

परीक्षकांनी स्वतः तिसरा ट्रान्झिस्टर लावला. सहा. मीटरला टिचकी मारून ते म्हणाले, "मीटर खराब है."

मी दुसरा मीटर आणला. सहा.

"ये भी खराब!"

स्नेहल पुन्हा समजावायला लागली. मी हळूच म्हटलं, "पोरी, आता गप्प बस." मग परीक्षकांना विचारलं, "सर, मीटरच खराब, तो बच्ची की क्या गलती?"

"हौ, वो तो है," म्हणत त्यांनी तिला पास केलं.

दुरुस्तीच्या चिठ्ठीवर बिघाड लिहावा लागतो. मी लिहिलं, "दोन्ही मीटर सारखंच दाखवतात."

परीक्षकांनी वाचून सही केली.