घासलेली तार

—नाही नाही, तो स्विच नको, त्याचा स्क्रू झिजलाय. हा उघडा, सोफ्यामागचा. आणि जरा हळू. ती बॅटरी अशी भिंतीभर फिरवू नका. तो बाहेर ओसरीवर बसलाय ना खेकड्यांचे सापळे दुरुस्त करत, तो माझा नवरा, तिनो. त्याला मी सांगितलंय एसीवाला आलाय म्हणून, भिंती तपासणारा नाही. बोटीच्या इंजिनाने कान खाल्लेत त्याचे, पण नजर घारीची आहे. एसीवाला स्विचची पाटी कशाला खोलतोय, असं विचारायचा. — हो रे, एसीच बघतायत! कॉइल! परत कॉइल गेलं! — बघितलंत? नुसती मान हलवली. नवल नाही त्याला. आमच्याकडे एसीवाला जितक्यांदा येतो तितक्यांदा पाद्रीसुद्धा येत नाही. नवं घर, नवा एसी, आणि आतलं तांबं काळं पडून गळायला लागतं. दुसरं बसवलं, तेही तसंच. तिनो म्हणतो, हल्ली यंत्रंच हलकी निघतात. बरं आहे, म्हणू दे.

हं, दिसली तार? कशी आहे? लखलखीत आहे की नाही? टीव्हीवर तो माणूस सांगत होता, पाटीमागची उघडी तार काजळीसारखी काळी असेल तर भिंतीला लावलेला जिप्समचा बोर्ड वाईट. ही काळी आहे? नाही ना? मग झालं तर. आमच्या रोझेलला एवढंच सांगायचंय तुम्ही. रोझेल म्हणजे आमची मुलगी हो, एकुलती एक. कत्रिनाच्या वादळात ह्यूस्टनला गेली ती तिकडेच राहिली, तिकडेच लग्न केलं, आणि आता तो नवरा गेला सोडून — जाऊ दे, त्याचं नाव मी या घरात घेत नाही. तर ती आणि तिचं बाळ, दोघं येतायत इथे. राहायला. कायमची. गाडीत सामान भरून बसलीय पोरगी, पण म्हणते, ममा, बातम्यांत रोज दाखवतायत ते वाईट बोर्ड, आधी भिंती बघून घे, आणि बघणाऱ्याच्या तोंडून मला ऐकू दे. तुझ्या नको, म्हणाली. आईच्या शब्दाला ही किंमत! मागची खोली रंगवून ठेवलीय मी बाळासाठी. या गल्लीत वादळानंतर एकही पोर राहायला आलेलं नाही. दोन्ही बाजूंना नुसते ओटे राहिलेत, वरची घरं गेली. इथून तिथून आम्ही दोघं आणि तो पलीकडचा उलिस.

उलिसचं सांगते तुम्हाला, हसाल. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी घरं आतून सोलून काढली, लाकडी सांगाडा उघडा करेपर्यंत. आणि हा उलिस म्हणजे आळशांचा राजा. याने काय केलं, भिंतींवर नळीने पाणी मारलं, ब्लीच फासलं, वर रंग! तेच जुने बोर्ड! आम्ही म्हणायचो, मेल्या, बुरशीने मरशील. तिनो तर त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचा नाही. आणि आमच्याकडे? दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकसुद्धा फुंकून पिणार. सगळं नवं. एकूण एक बोर्ड नवा. त्या दिवसांत बोर्ड मिळत होते कुठे! दुकानं रिकामी, लोक पहाटेपासून रांगेत, आणि तिनोने कुणाकुणाच्या ओळखी काढून, त्या परदेशातून आलेल्या जहाजातला माल मिळवला. ट्रकवर बसून आला घरी, जसा काही नवरी घेऊन येतोय. आता उलिसच्या घरात ढेकर देत झोपतो उलिस, त्याच्या एसीला काही होत नाही, त्याच्या आईचे चांदीचे चमचे — पण ते राहू दे.

वास? हो, येतो वास. म्हणजे तुम्हाला येतोय. आम्हाला नाही कळत आता. पहिल्या उन्हाळ्यात यायचा, अंडं नासल्यासारखा, काडी विझवल्यासारखा. मी म्हटलं, तिनो, काहीतरी मेलंय भिंतीत. तर तो दारात उभा राहून छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, अगं ओडिल, ही तर दलदल! ओहोटीची दलदल! आपलं गाव परत आलं बघ. आणि डोळ्यांत पाणी त्याच्या. आता सांगा, खाडीत जन्मलेल्या माणसाला, ज्याचा बाप, आजा सगळे कालवं काढत त्याच चिखलात गेले, त्याला कसं सांगायचं की हे तुझं गाव नाही, हा बोर्डाचा वास आहे? मलाही तेव्हा माहीत नव्हतं म्हणा. मीही म्हटलं, दलदल तर दलदल. पाहुणे आले की खिडक्या उघडायच्या — पण खिडक्या उघडतातच कुठे! हसू नका, खरंच सांगते. आयुष्यभर बोट बांधणारा माणूस, त्याने घरही बोटीसारखंच बांधलं. प्रत्येक सांधा पुट्टीने भरला, प्रत्येक फट बंद. म्हणाला, पुन्हा पाणी आलं ना तर दाराबाहेर उभं राहील, आत थेंब येणार नाही. थेंब नाही आला. हवाही नाही गेली बाहेर.

अहो, तिकडे कुठे? ते धुण्याचं मशीन आहे, त्याच्यामागे काही नाही. जड आहे ते, पाठ मोडेल तुमची. नाही, तिथलं नका बघू, तुम्ही बैठकीतलं बघितलंत, झोपण्याच्या खोलीतलं बघितलंत, चांगलं आहे ना — अहो ऐका की! सरकवलंत ना शेवटी? तरुण माणसांना दम नसतो.

हं.

आहे काळी. दिसतेय मला. माझे डोळे गेले नाहीत अजून.

काय बघताय असे माझ्याकडे? हो, घासल्या. बाकीच्या सगळ्या घासल्या मी. मीठ आणि व्हिनेगर, आणि दात घासायचा जुना ब्रश. दर वर्षी सर्व संतांच्या सणाला कबरीवरचं पितळ त्यानेच घासते, चकाकतं कसं! तिनो बोटीवर गेला की खालचं मोठं बटण बंद करायचं आणि एकेक पाटी उघडायची. मेले नाही, हेच नशीब. फक्त हे मशीन माझ्याने हललं नाही. एकटीने कसं हलणार, आणि तिनोला काय सांगून बोलावू? आणि ती बघा ना, बैठकीतली, आत्ता परवा घासलेली, कडेने पुन्हा तपकिरी व्हायला लागलीय. तुम्हाला पहिल्याच पाटीत कळलं होतं, हो ना? मग मला इतकं बोलू कशाला दिलंत?

नाही, मला विज्ञान सांगू नका. मला माहितीय ते. बोर्डातून निघतो तो वायू तांबं खातो, चांदी खातो. माझ्या लग्नातली जपमाळ काळी ठिक्कर झालीय, मी ती उशीखाली ठेवते, तिनोला दिसू नये म्हणून. मला फक्त एक सांगा — थोडं असेल तर चालतं ना? एका खोलीपुरतं? बाळाची खोली मी वेगळी ठेवीन, दार बंद ठेवीन, पंखा लावीन. नाही? आणि रंगाचा जाड हात दिला तर? — नाही. मग काय करायचं? सगळे बोर्ड काढायचे. तारा काढायच्या. नळ काढायचे. पुन्हा सांगाडा. म्हणजे पाण्याने जे केलं ते आता आपल्या हाताने करायचं! कोण करणार? तो बघा, तो बसलाय तो. सापळ्याच्या दोन गाठी मारल्या की धाप लागते त्याला. या घरात येण्याआधी हा माणूस पाण्याखाली दम धरून नांगर सोडवायचा. चुलतभावाच्या बोटीवर जातो ना अजून, तिथे एकदाही खोकत नाही. घरात पाऊल टाकलं की सुरू. डॉक्टर म्हणाले वय. मी म्हटलं वय. ईस्टरला रोझेल आली होती बाळाला घेऊन, तर बाळही तसंच, रात्रभर छाती वाजत होती आणि नाकातून रक्त — मी म्हटलं, काही नाही गं, परागकण उडतात या दिवसांत, ओकची झाडं फुललीत. ह्यूस्टनला गेल्यावर दोन दिवसांत बरं झालं ते.

असं बघू नका माझ्याकडे. मी आजी आहे त्याची.

मला तेव्हा नव्हतं माहीत! — नव्हतं. थोडंसं असेल. कळत असतं हो, पण वळत नाही. घर रिकामं असलं की माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

आणि तिनोला सांगा म्हणता? तुम्ही सांगा की. जा, सांगा त्याला. बोट विकली त्याने या घरासाठी. चुलतभावाच्या बोटीवर नोकर म्हणून जातो तो आता, ज्याच्या हाताखाली आख्खी खाडी शिकली. हा प्रत्येक बोर्ड त्याने डोक्यावर तोलून स्वतः लावलाय, कुणाला हात लावू दिला नाही. त्याला सांगा की तिनो, तू आणलेल्या बोर्डांनी तुझी बायको, तुझा नातू — नाही. तो त्याच दिवशी मरेल. खोकून मरायला अजून वेळ आहे त्याला. आम्ही काय, पिकली पानं. आमचं काय राहिलंय? पण बाळ —

थांबा. फोन वाजतोय. रोझेलचाच असणार.

हॅलो? हो गं, मीच. ... आलेत, इथेच उभे आहेत. ... हो, बघितलं सगळं. ... थांब, त्यांना कशाला देऊ, माझं ऐक आधी. रोझेल, ऐक. तू येऊ नकोस. ... नाही, भिंतींचं नाही काही. भिंती उत्तम आहेत, तुझ्या पापाने बांधल्यात त्या. मलाच नको आहे. ... मलाच, तुझ्या आईला. मी विचार केला गं. लहान पोर म्हणजे रात्रंदिवस रडारड, बाटल्या, लंगोट. माझ्याने आता होत नाही. एकदा तुला वाढवलं, पुरे झालं. ... खोली रंगवली होती, हो. हौस होती तेव्हा. फिटली. ... नाही, पापाशी नको बोलूस, त्याला ऐकू कुठे येतं. ... आणि सणालाही नको. आम्हीच येऊ कधीतरी. ... नवरा गेला तर माझ्या दाराशी यायचं का? हे मी बोलतेय, हो, मीच. ... रड. रड थोडी. ... रोझेल? ... रोझेल?

काय रे तिनो? ... हो, तिचाच होता फोन. ... नाही येत म्हणाली! — नाही येत! — काय माहीत, तिकडचीच झालीय ती आता, आपल्यासारख्यांकडे तिला करमायचं नाही! ... अरे, मी काय करू, तुझीच मुलगी आहे! ... असू दे. असू दे रे. आत ये, वारा सुटलाय.

तुम्ही अजून इथेच? ते मशीन जागेवर लोटा आणि निघा.