दिवा न टिकणारं तळं

— नाही, देवळीपाशी बसलेल्या त्या बाईंनी तुम्हाला सांगितलं ते चूक नाही, अपुरं आहे. तळ्याच्या कट्ट्यावर, म्हणजे बांधावर, मैसम्मा देवीपुढे दिवा टिकत नाही, ही कथा इकडे गावोगाव सापडते, आणि गावागणिक तिचं कारण बदलतं. एका पाठात कट्टा फुटू नये म्हणून धाकट्या सुनेला त्यात चिणलेलं असतं, तेही दिव्याच्या उजेडात. म्हणून तिला दिवा सोसत नाही. दुसऱ्या पाठात दोघी बहिणी आहेत — एक कट्ट्यावर, एक समोरच्या टेकडीवर — धाकटीचं बोनम, म्हणजे नैवेद्याचं मडकं, आधी आलं की थोरली पलीकडून फुंकर घालते. एका कुंभारणीचा पाठ आहे, तो बराच अलीकडचा असावा, त्यात भाषा सरळ उर्दू वळणाची होते. पात्रं बदलतात, नाती बदलतात. विझणं मात्र कोणी सोडत नाही. आमच्या शास्त्रात जे बदलत नाही त्याला कथेचा कणा म्हणतात — जरा इकडे सरकता का? मला पाणी दिसलं पाहिजे. ते निळं शीड दिसतंय ना, ते आमचे हे. अनंतराव. हो, एकटेच. होय हो, सत्तरी उलटलीय.

तुमच्या गाडीला पुण्याचा नंबर पाहिला म्हणून मी सरळ मराठीतच बोलले. नाहीतर इथे तेलुगूत सुरुवात करायची आणि हिंदीत आटपायचं, अशी रीत आहे. तुमचं नाव ओंकार — हो, मघाशी सांगितलंत. मी लीला. विद्यापीठात लोकसाहित्य शिकवलं, तारनाक्याला घर. हे रेल्वेत इंजिनियर होते आणि हुसेनसागरावर विंडसर्फिंग करायचे. लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात, यांनी स्वतःची फळी घेतली. माझ्या त्या कथा ऐकून एकदा जेवताना म्हणाले, "लीला, तुझी देवी बिवी राहू दे. जिथे आषाढात दिवा टिकत नाही तिथे पाण्यावरून उघडा वारा येतोय, मधे झाड नाही, टेकडी नाही. ही दंतकथा नाही, हा हवामान खात्याचा अहवाल आहे!" मी म्हटलं, खात्याचे अहवाल इतके खरे कधीपासून व्हायला लागले? पण बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून आमची पद्धतच पडली. नवं तळं पाहायचं म्हणजे मी आधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचं — अम्मा, कट्ट्यावर दिवा राहतो का? "दीपं निलवदु" म्हणाल्या, राहत नाही म्हणाल्या, की यांनी गाडीवरची दोरी सोडायला घ्यायची. मग जलपर्णी किती, पाणी कमरेच्या वर आहे का, हे नंतर. लोक नकाशे बघतात, आम्ही दिवे विचारत हिंडलो. हसा, हसा, आमची दीपालीसुद्धा हसायची.

आता हसत नाही. आता फोनवर म्हणते, "आई, बास कर ना गं. त्यांना घर आठवत नाही आणि तू त्यांना पाण्यात सोडतेस?" — काय सांगायचं तिला? घर आठवत नाही हे खरं. कोपऱ्यावर दूध आणायला गेले आणि विद्यानगरात एका अनोळखी घराच्या पायरीवर बसलेले सापडले. त्या माणसांनी चहा दिला होता, यांनी तो आवडीने घेतला होता. माझं नाव कधी येतं, कधी येत नाही. हुसेनसागरच्या क्लबात आता पाण्यावर जाऊ देत नाहीत, त्यांचं बरोबरच आहे. पण फळीवर उभे राहिले, हातात ती दांडी आली, की हो — तुम्ही पाहिलंत ना मघाशी? वारा कुठून येतोय ते मानेला कळतं त्यांच्या. गुडघ्यांना कळतं. तिथे ते आजारी नसतात. आठवड्यातून तासभर मला माझा नवरा लांबून दिसतो, यापेक्षा जास्त मी मागत नाही कोणाकडे.

फक्त वळायचं विसरतात. जायचं कळतं, शीड फिरवून परत यायचं, ते कधी जमतं, कधी हात तसेच राहतात. पण त्याचं भय नव्हतं, आणि हेच दीपालीला पटत नाही. इकडची जमीन पूर्वेला उतरती, म्हणून बहुतेक तळ्यांचा कट्टा पूर्वेला. पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणजे पाण्यावरून येऊन तो कट्ट्यालाच लागतो. माणूस वळायचं विसरला, पडला, नुसता बसून राहिला, तरी वारा त्याला कट्ट्यापाशी आणून सोडतो. मी काठावर उभी. फळी माझ्या पायाशी येऊन लागते. दिवा विझतो ना, तो याच वाऱ्याने. म्हणून तर मी दिवा विचारते — वारा पाहिजे म्हणून नाही, वारा माझ्याकडे यावा म्हणून.

इथे काय झालं, ते आत्ता तुमच्याशी बोलता बोलता माझ्या ध्यानात येतंय. या गावातल्या बायकाही म्हणाल्या, निलवदु. पण एक म्हणाली, आमची मैसम्मा पाण्याला पाठ करून बसते, गावाकडे तोंड. मला गंमत वाटली. म्हटलं, उलटा पाठ मिळाला. पाहा ना ती देवळी — तोंड तिकडे, रस्त्याकडे. मागून आडोसा आहे आणि तरी दिवा विझतो. म्हणजे वारा समोरून, गावावरून येतो. कट्टा पश्चिमेला आहे इथे. तुमचा शर्ट बघा कसा फडफडतोय — पुढे, पाण्याकडे. माझा पदरही तिकडेच.

अहो! वळा! — ऐकू जात नाही. वाऱ्याबरोबर आवाज गेला पाहिजे खरं तर. गेला असेलही. आवाज कोणाचा ते कळायला हवं ना.

नाही, गाडीने जाता येणार नाही लगेच. सांडव्यापाशी कट्ट्यावरचा रस्ता तुटलाय, हमरस्त्याने पार वळसा घालून जावं लागेल. आणि मी इथून हलू कशी? ते पाहतील तर इथेच पाहतील. मी दिसले नाही तर परत यायचं कुठे, हे तरी कसं कळावं त्यांना? तुम्ही जा, जाता का? म्हणजे — नको, थांबा. तुम्ही गेलात तर ते तुम्हाला ओळखणार नाहीत, घाबरतील. नाही, जाच. अनोळखी माणसाशी फार गोड वागतात ते. घरच्यांवरच चिडतात. बुडायचे नाहीत, लाइफ जॅकेट आहे, मी स्वतः बांधलंय, त्याची काळजी नाही मला. फोन? फोन माझ्याकडेच आहे, हा काय, दोन्ही माझ्याचकडे.

वळतायत का? शीड हललं ना आत्ता? तुमचे डोळे तरुण आहेत, सांगा की. — नाही. तसं मान हलवून नका सांगू, तोंडाने सांगा.

पोचले. बघा, लागले पलीकडे, चिखलात. शीड टाकलं. उभे राहिले, शहाण्यासारखे उभे राहिले. आता मागे बघतील. दर वेळी बघतात. पाण्यातून बाहेर आले की आधी मला शोधतात, हसतात, मग जॅकेट काढून माझ्या हातात देतात — अहो, इकडे! मी इकडे आहे! — हात वर करा ना तुम्हीपण, उंच आहात तुम्ही.

तिथे कोणी बाई आहे. धुणं वाळत घालतेय खडकावर. तिच्याकडे चाललेत. काहीतरी बोलले. तुम्ही जा आता ओंकार, गाडी काढा, जा, माझ्याकडे बघत उभे राहू नका —

बसले. तिच्या शेजारी खडकावर बसले. जॅकेटचे बंद सोडताहेत. काढलं. तिच्या हातात दिलं.

तिनं घेतलं.