पेवातला उजेड

रणधीर : पुन्हा एकदा, मॅडम. कॅमेऱ्याकडं बघायचं आणि एवढंच म्हणायचं, 'पेवात माणूस सहज तग धरू शकतो.' बाकीचं आम्ही जोडून घेतो.

नीरजा : हे मी म्हणणार नाही.

रणधीर : का हो? चौदा वर्षं झाली तुम्हाला लोहाऱ्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवून. तुम्ही म्हटलं की लोकांना पटतं.

नीरजा : म्हणूनच म्हणणार नाही. पेव धान्यासाठी असतं, माणसासाठी नाही. विचारा या बलभीमकाकांना. जमीन त्यांची, पेव त्यांचं.

बलभीम : काय इचारायचं त्यात. पेव म्हंजी जमिनीच्या पोटातला रांजण. तोंड एवढंसं, पोट मोठं. जवारी भरायची, वर फरशी टाकायची, मातीनं लिंपून घ्यायचं. वर्स-दोन वर्सं किडा लागत न्हाय.

नीरजा : का लागत नाही, तेही सांगा.

बलभीम : आत किडाच जगत न्हाय, म्हनून.

रणधीर : काका, हे लई भारी बोललात. हेच कॅमेऱ्यावर घेऊ.

बलभीम : घ्या की. पर म्या दाढी न्हाय केली. तुमच्या त्या मागल्या भागात जंगलात हरवलेला गडी रोज दाढी केलेला दिसत हुता.

रणधीर : तेवढं चालतं हो. 'तग' हा शेवटी शो आहे.

बलभीम : त्यानं साप धरला, त्या सापाचं तोंड शिवलेलं हुतं. आमची सून म्हनली, मामा, टाके दिसायलेत.

रणधीर : टाके नव्हते, चिकटपट्टी होती. आणि साप विकतचा रबरी होता, तोंड उघडं राहायचं म्हणून चिकटवलं. बघा, आम्ही प्राण्यांनाही त्रास देत नाही. नदीच्या भागात गुडघाभरच पाणी होतं. उपाशी राहतात म्हणता, तर तंबूत डबे असतात. सगळं सेफ असतं, मॅडम. मनोरंजन होतं आणि लोक चार गोष्टी शिकतात.

नीरजा : काय शिकतात?

रणधीर : वेळ आली तर कसं जगायचं ते.

नीरजा : तुमच्या शोमध्ये निवडुंग कापून पाणी प्यायलेलं दाखवलं. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या अकरावीच्या दोन मुलांनी बांधावरचा निवडुंगासारखा शेर कापला. त्याच्या चिकानं एकाचा घसा सुजला, एकाचे डोळे तीन दिवस उघडत नव्हते. ते शिकले, पण तुम्ही शिकवलंत तेच शिकले.

रणधीर : खाली पट्टी असते ना, 'हे घरी करू नका' म्हणून.

बलभीम : बाहत्तरच्या दुष्काळात आमी बरबड्याचं रानगवत खाल्लं, खडी फोडली. तवा कुनी पट्टी बी लावली न्हाय अन् शूटिंगला बी आलं न्हाय.

रणधीर : तेच तर दाखवायचंय, काका. जुनी माणसं कशी जगली. म्हणून तर जुन्या गावठाणात आलो. भूकंपानंतर गाव वर सरकलं आणि पेवं तशीच राहिली. तीस वर्षांत कुणी तोंड उघडलं नाही. असं लोकेशन पैसे देऊन मिळत नाही.

नीरजा : तीस वर्षं बंद होतं? रिकामं?

बलभीम : रिकामं कुठलं. भूकंपाच्या रातीला भरलेलं हुतं. नंतर लष्कराच्या लोकांनी बरीचशी जवारी काढली, तरी तळाला हातभर राहिलीच. आता काळी पडली असंल. पाझरलेल्या पान्यानं कुजली बी असंल.

नीरजा : रणधीर, ऐका. धान्यही श्वास घेतं. कुजताना तर जास्त. ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साईड साठतो. तो हवेपेक्षा जड असतो, वर येत नाही. विहिरीत पाणी साठावं तसा तळाशी भरून राहतो. त्याला रंग नाही, कळण्याइतका वास नाही. तुम्ही यात कुणाला उतरवणार असाल तर आजच रद्द करा.

रणधीर : आता काय रद्द करणार? उतरलीय ती.

नीरजा : कोण उतरलंय?

बलभीम : आज? म्या तुमाला उद्याचं सांगितलं हुतं. फरशी काढा, दिसभर-रातभर तोंड उघडं ठेवा, ऊन-वारा खाऊ द्या. मंग कंदील सोडा. सांगूनच म्या सकाळी तहसीलला गेलतो.

रणधीर : काका, उद्या युनिट कळंबला आहे. तारखा जुळत नव्हत्या. सकाळी आठला फरशी काढली, साडेबाराला ती उतरली. चांगले साडेचार तास तोंड उघडं होतं.

नीरजा : रणधीर, आत कोण आहे?

रणधीर : दीपमाला. तुमची विद्यार्थिनी. खरं तर तुम्हाला तिच्यामुळंच बोलावलं. संध्याकाळी ती वर येणार आणि समोर तिच्या मॅडम. तिला ठाऊक नाहीये, सरप्राईज आहे. तुम्हाला मीच सांगणार होतो, पण आधी तुमचा बाइट घ्यायचा होता.

नीरजा : पोलीस भरतीची तयारी करत होती ती. दीपमाला. पळण्यात चार सेकंदांनी राहिली.

रणधीर : हो, तीच. तिचं म्हणणं, इथं जिंकले तर गावात कुणी भरतीचं विचारणार नाही. मुलगी धीट आहे, मॅडम. काळजी करू नका. काकांनी सांगितलेलं आम्ही काहीच चुकवलं नाही. कंदील पण सोडला.

बलभीम : सोडला?

रणधीर : म्हणजे काय. दोन कॅमेरे लावून शॉट घेतला. दोरीला बांधून थेट तळापर्यंत. दहा मिनिटं ठेवला, ज्योत जराही मंदावली नाही. दीपमालानं वाकून बघितलं आणि काय म्हणाली माहितीये? 'आमच्या मॅडमनी शिकवलंय, ज्योत जळतेय म्हणजे श्वासापुरता ऑक्सिजन आहे.' आणि उतरली. तुमचं नाव आलंय शॉटमध्ये.

नीरजा : मी शिकवलंय ते. बरोबर आहे ते.

बलभीम : पर कंदील कुठला? माझा तर त्यो बघा, खुंटीला. काच फुटलेली हाय, रॉकेल तर रेशनवर कवाच बंद झालं.

रणधीर : तुमचा नाही, काका. आमच्या सेटवरचा.

नीरजा : त्यात काय घालता? डिझेल?

रणधीर : डिझेल कशाला घालू? आग लागायची भीती. सेल असतात त्यात. दिवा असा लुकलुकतो की अगदी खरी ज्योत वाटते.

नीरजा : आत्ता किती वाजलेत?

रणधीर : एक पस्तीस. का? मॅडम, थांबा. मॅडम, कुठं निघालात?

बलभीम : अवं साहेब, पळा. सेलचा दिवा पान्यात बी जळतो.

(काकांच्या आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या खोपटापासून, पेव अडीचशे पावलांवर. तिघं पोचतात तेव्हा तिथं कुणी नाही आणि पेवाच्या तोंडावर फरशी आहे, चार बोटांची फट ठेवून.)

नीरजा : फरशी कुणी लावली?

रणधीर : वरून उजेड पडत होता. कॅमेऱ्यात दिवस दिसत होता.

नीरजा : धरा त्या बाजूनं. काका, जोर लावा. दीपमाला. दीपमाला, मी नीरजा मॅडम. ऐकू येतंय का?

बलभीम : काय दिसतंय?

नीरजा : उजेड दिसतोय. त्यांच्या कंदिलाचा. त्याच्याशेजारी ती आडवी आहे.

रणधीर : आडवी आहे ना? मग घाबरू नका, मॅडम. ती अॅक्टिंग करतेय. तिला सांगितलंय, कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आई आली तरी नाही. आणि मग बेशुद्ध पडायचं. असं लिहिलेलंच आहे.

नीरजा : किती वाजता पडायचं लिहिलंय?

रणधीर : दोनला.

बलभीम : अजून दोन वाजायचे हायेत की, साहेब.

रणधीर : आधी पडली असेल. दमली असेल. दीपमाला, ए दीपमाला. कट. शॉट कट झालाय. ऊठ.

नीरजा : तिच्या कमरेला दोर आहे?

रणधीर : सोडायला लावला. प्रेक्षकांना दोर दिसला की मजा जाते. मी उतरतो. खोबण्या आहेत भिंतीला.

नीरजा : मागं व्हा.

रणधीर : दोन मिनिटांचं काम आहे. श्वास धरून जातो.

नीरजा : श्वास धरून तुम्ही तळ गाठाल. तिला उचलायला वाकाल तेव्हा आपोआप श्वास घ्याल. मग मला दोन माणसं वर काढावी लागतील. धरा यांना, काका.

बलभीम : धरलंय. आमच्या आज्ज्याच्या वेळेला एका पेवात तिघं भाऊ गेले, साहेब. एकामागं एक. परतेक जन आधीच्याला काढाया उतरला हुता.

नीरजा : काका, फडकं आहे? कुंपणाच्या तारेला बांधा, पंपाच्या डिझेलमध्ये बुडवून पेटवा आणि हळूहळू सोडा. हात मोजत सोडा.

बलभीम : ह्यो माझा पटकाच घ्या. धरा. येक हात. दोन. तीन. चार. बाई, इझला.

नीरजा : चौथ्या हाताला. खोली किती?

बलभीम : नऊ हात.

रणधीर : मग ती... मॅडम, ती गेली का?

नीरजा : ज्योत विझते तिथं माणूस लगेच मरत नाही. थोडा वेळ असतो. तो आपण बोलण्यात घालवतोय. तुमच्याकडं हवा मारायला काय आहे? ब्लोअर, पंखा, काहीही.

रणधीर : वादळाचा पंखा आहे. धुळीच्या वादळाचा शॉट होता परवा. टेम्पोत आहे, जनरेटरसकट.

नीरजा : आणा तुमचं वादळ. जनरेटर लांब ठेवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. त्याचा धूर आत गेला तर हिला आपणच मारू. काका, तुम्ही एकशे आठला फोन लावा. शूटिंग आहे म्हणू नका. बाई बेशुद्ध आहे, एवढंच सांगा.

बलभीम : लावतो. हॅलो. व्हय, जुनं गावठान. मानूस बेसुद हाय. न्हाय, न्हाय साहेब, पिऊन न्हाय. पेवात. पेव म्हंजी... तुमी या आधी, मंग सांगतो. बाई, निघाली म्हनतेत. पंधरा मिनिटं.

रणधीर : आला पंखा. कुठं लावू?

नीरजा : तोंडावर तिरपा. सगळं तोंड झाकू नका, आतली हवा बाहेर यायला जागा ठेवा. हां, असाच. चालू करा. काका, फडकं पुन्हा पेटवा.

बलभीम : चार हात. जळतंय. पाच. सा. इझला.

नीरजा : पुन्हा.

बलभीम : पाच. सा. सात. मिनमिनायलंय. बाई, ती कूस बदलली का?

नीरजा : नाही. वाऱ्यानं ओढणी हलली. पुन्हा पेटवा.

बलभीम : सात. आठ. नऊ. टेकलं. जळतंय बाई. चांगलं जळतंय.

नीरजा : पंखा बंद करू नका. रणधीर, कमरेला दोर बांधा, दुसरा दोर तिच्यासाठी न्या. उतरताना मोठ्यानं आकडे म्हणायचे. आकडा थांबला की मी तुम्हाला वर ओढणार, ती हाती लागलेली असो नसो.

रणधीर : एक. दोन. तीन. चार. वास येतोय, मॅडम. आंबट. पाच. सहा.

नीरजा : बोलत राहा.

रणधीर : सात. आठ. पोचलो. नऊ. अंग गरम आहे. दहा. ओठ निळे आहेत. अकरा.

नीरजा : काखेतून दोर घ्या. गाठ पाठीवर येऊ द्या. आकडा?

रणधीर : बारा. तेरा. बांधला. चौदा. ओढा. मॅडम, ओढा.

बलभीम : आली. डोकं सांभाळा, कडा टोकदार हाय. धरा बाई. हलकी हाय पोर.

नीरजा : इथं, सावलीत. कपडे सैल करा. काका, आता त्यांना ओढा.

बलभीम : आले ते बी. पानी देऊ का हिला?

नीरजा : नको, काहीच नको. थांबा, मोजू द्या.

बलभीम : काय म्हनतीया नाडी?

नीरजा : नाडी आहे. श्वास मिनिटाला सहा. कमी आहे. मी माझा देते, तुम्ही तेवढी हनुवटी वर धरा.

रणधीर : मॅडम, वाचेल ना ती?

नीरजा : माहीत नाही.

रणधीर : तुम्ही सायन्सच्या आहात. काहीतरी सांगा.

नीरजा : मेंदूला किती मिनिटं हवा मिळाली नाही त्यावर आहे सगळं. ती कधी पडली, ते मला माहीत नाही. कॅमेऱ्यात असेल ते. तो कॅमेरा आता पोलिसांच्याच हातात जाईल, तुम्ही त्याला शिवू नका.

बलभीम : फाट्यावर गाडीचा आवाज आला. बाई, आता आठ-नऊ घ्यायलीय श्वास. छाती हालायलीय.

नीरजा : हो. दीपमाला, ऐकतेस का? तू मध्येच कंदील हातात घेतला असशील ना? ज्योत खोटी आहे, हे तेव्हा कळलं असेल तुला.

रणधीर : खाली भिंतीला ओरखडे आहेत, मॅडम. खोबणीपर्यंत. तिची नखं...

नीरजा : पाहिली मी.

बलभीम : येवढी झटली तर हाका बी मारल्या असतील पोरीनं. हितं पहाऱ्याला कुनीच नव्हतं का?

रणधीर : होता एक जण.

बलभीम : मंग त्याला ऐकू आलं न्हाय?

रणधीर : आलं. त्यानं मला फोन केला. म्हणाला, साहेब, ताई लई ओरडायल्यात.

नीरजा : तुम्ही काय सांगितलंत?

रणधीर : म्हटलं, छान ओरडतेय. तू जरा लांब जाऊन बस, तुझ्या पायांचा आवाज येईल.