बीमवर चिंगी, गुडघ्यावर टिचकी

तारीख चौदा, शनिवार. सकाळी ढग, दहानंतर लख्ख ऊन, वारा अजिबात नाही... वाऱ्याचं एवढ्यासाठी सांगतो, की स्पर्धेच्या हॉलला पत्र्याचं छप्पर, पंखे निम्मे बंद, आणि त्या उकाड्यात माझ्या उजव्या गुडघ्यावर सारख्या टिचक्या! एक टिचकी म्हणजे शब्द चुकला. दोन म्हणजे चालेल. तीन म्हणजे शाब्बास, पण तीन मला तोवर एकदाही मिळाल्या नव्हत्या, तेव्हा ते सोडा. आणि टिचक्या मारतंय कोण? आमचे सासरे! अण्णा! जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पोरांच्या वह्या लाल केल्या, आता वही दिसत नाही म्हणून जावयाचा गुडघा लाल करतायत!

अहो, मी पडदे शिवणारा माणूस. खिडकी मोजायची, कापड फाडायचं, चुण्या घालायच्या, टांगायचं. इंग्रजी शिकलो ते दुकानात गिऱ्हाईक नसताना, जुन्या डिक्शनरीतून, आपलं आपण. हौस! पण हौशीची अशी शिक्षा असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

झालं असं, की आमची चिंगी, माझी मुलगी, वय बारा, ती जिम्नॅस्टिक्सच्या निवड-स्पर्धेत बीमवर उतरणार. बीम म्हणजे छातीएवढ्या उंचीवर एक लांबलचक पट्टी, वीतभरसुद्धा रुंद नाही. आपण सपाट फरशीवर ठेचकाळतो आणि ही पोरगी तिच्यावर उलट्या कोलांट्या मारते! आठ मुली, त्यातल्या पहिल्या चौघी संघात. गेल्या वर्षी चिंगी गिरकी घेताना पडली आणि सहावी आली, आणि आमच्या हिनं घरी येऊन अण्णांना सांगितलं, "फारच छान झालं हो, अगदी थोडक्यात हुकलं." तेव्हाही अण्णांना धूसरच दिसायचं. चार दिवसांनी चिंगीनंच खरं सांगून टाकलं. झालं! म्हातारा फुगला. आणि यंदा तर एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही शेजारी बसून मला सगळं सांगायचं. पण इंग्रजीत."

म्हटलं, "अण्णा, इंग्रजीत कशाला?"

म्हणाले, "मराठीत तुम्ही सगळे मला लोणी लावता. इंग्रजीत लोणी लावण्याइतकं तुम्हाला येत नाही. आणि हो... शब्द नेमका हवा!"

 

मग आठवडाभर तालीम. मांजर फळीवर चढलं, की अण्णा कान टवकारून विचारणार, "कसं चढलं?" मी म्हणणार, "ॲजाइल." टिचकी! "ॲजाइल म्हणजे झटकन दिशा बदलणारं. ते सरळ चढलं ना? मग निंबल म्हणा. निंबल म्हणजे हलक्या पायाचं." बरं, निंबल. "सपल म्हणजे न मोडता वाकणारं. लिंबर म्हणजे अंग मोकळं झालेलं. लाइद म्हणजे सडपातळ आणि लवचिक, दोन्ही एकदम." अहो, आपण 'चपळ' म्हणतो आणि जेवायला बसतो, या लोकांनी प्रत्येक सांध्याला वेगळा शब्द काढलाय! एकदा ही स्टुलावर चढून बल्ब बदलत होती, मी सवयीनं म्हटलं, "लाइद." अण्णांची टिचकी. ही वरूनच, "काय म्हणालात मला?" मी अर्थ सांगितला. तर बल्ब हातात घेऊन ही म्हणाली, "आणि अण्णांनी टिचकी कशाला मारली?" ...घरात दोन दिवस अबोला. माझ्याशी नाही, अण्णांशी!

मी विचारलं, "अण्णा, स्प्राय कुठे वापरू?" तर म्हणाले, "तो चिंगीला नको. तो म्हाताऱ्यांसाठी. वय झालं तरी टुणटुणीत उडी मारणारा, तो स्प्राय. तुम्हाला लागणार नाही."

तर शनिवारी हॉलमध्ये. ही खाली चिंगीच्या केसांना पिना लावतेय, आम्ही दोघं वरच्या बाकावर. चिंगीनं तळव्यांना पांढरी पावडर लावली, फुंकली, चढली. अण्णा म्हणाले, "हं. बोला."

मी म्हटलं, "निंबल." दोन टिचक्या! वा!  तिनं हात वर नेले, कंबरेत मागे वाकली, वाकली, अगदी हात टेकेपर्यंत, मी म्हटलं, "सपल!" दोन टिचक्या! मग तिनं एक अशी काही उडी मारली, हवेतच पाय फाकवले, कात्रीसारखे... कात्रीला मी ओळखतो हो, रोजचा धंदा आहे... मी म्हटलं, "सीझर लाइक..." टिचकी! "ती कात्री झाली, उडी कशी होती?" मी विचार करतोय, ॲजाइल की लिंबर, लिंबर की लाइद... तोवर ती उडी संपून पुढचं सुरू! म्हणजे बघा, शब्द सापडेपर्यंत पोरगी चार पावलं पुढे, मी मागच्या उडीचं बोलतोय, अण्णांना वाटतंय ती अजून हवेतच आहे! "किती वेळ हवेत आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, उतरली केव्हाच." "मग सांगत का नाही?" "तुम्हीच म्हणालात ना, शब्द नेमका हवा!"

आणि तेवढ्यात गिरकी. तीच ती, गेल्या वर्षीची. अख्खा हॉल "अर्रर्र" म्हणाला. चिंगीचा एक पाय हवेत, दोन्ही हात पंख्यासारखे फिरतायत, आणि अण्णांनी माझा गुडघा मुठीत धरला. टिचकी नाही, मूठ!

"काय झालं?"

मी म्हटलं, "टीटर... नाही... वॉबल..." दोन्ही डगमगण्याचेच शब्द, पण नेमका कुठला?

"अहो, इंग्रजी मरू दे तुमचं! पडली का?"

आता आठवडाभराची सवय अशी जाते का? माझ्या तोंडातून मराठी निघेचना! "अनस्टेडी," म्हटलं, "बट..."

"मराठीत बोला हो! पोरगी पडली का?"

मागच्या बाई माझ्या कानाशी ओरडल्या, "नाही पडली, आजोबा! सावरली!"

आणि हे ऐकून आमचे अण्णा, गुडघे दुखतात म्हणून घरात पाण्याचा पेला मागून घेणारे अण्णा, बाकावरून ताडकन उठले, उठले कसले, उडालेच! डोळ्याला पट्टी, समोर कठडा, खाली तीन पायऱ्या! मी झडप घालून त्यांना कमरेला धरलं, आणि नेमका त्याच क्षणी खाली धप्प आवाज झाला.

अण्णा माझ्या मिठीत, मान तिरकी करून म्हणाले, "एकच आवाज. दोन्ही पाय एकदम. हललीसुद्धा नाही."

टाळ्या. मी वळून पाहिलं, तर चिंगी गादीवर हात वर करून उभी. उतरली कशी, किती कोलांट्या मारल्या, ते मागच्या बाईंना विचारा.

मी म्हटलं, "अण्णा, स्प्राय."

माझा हात चाचपून त्यांनी मनगटावर टिचक्या मारल्या. एक. दोन. तिसरीची वाट पाहिली मी. आली.

चिंगी धावत वर आली. "बाबा, उतरताना पाहिलंत ना?"

"तुझ्या आजोबांनी पाहिलं," म्हटलं.

चिंगी चौथी. अकरा पॉइंट पस्तीस गुण. संघात. संध्याकाळी परत ढग.